वेस्टीची खाज आणि कोकणातला दमटपणा

रत्नागिरी किंवा मालवणात पाळलेल्या वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरचे, म्हणजेच वेस्टीचे, पांढरे पंजे पावसाळ्यात तांबूस दिसू लागले, तर दोष सहसा लाल चिखलाला दिला जातो. कुत्रा खाजेने पंजे सतत चाटत असेल, तर तो रंग लाळेतल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा असतो. आणि या स्कॉटिश जातीत अशा खाजेमागे अनेकदा ॲटोपिक त्वचादाह हा आनुवंशिक कल असलेला विकार निघतो.

त्याची लक्षणे साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे या वयात दिसू लागतात. त्वचेचा संरक्षक थर कमकुवत असल्याने धुळीतल्या सूक्ष्म किडींचे अंश आत शिरतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त चवताळते. दमट हवेत या किडी फोफावतात, शिवाय काखेत, जांघेत आणि कानांत मॅलासेझिया ही यीस्टवर्गीय बुरशी वाढते. मग तिथली कातडी काळी व जाड होते आणि तिला आंबूस, उग्र वास येतो. कल जन्मजात, पण त्याला खतपाणी घालते ती इथली हवा.

ग्लोबॉइड सेल ल्यूकोडिस्ट्रॉफी या मज्जासंस्थेच्या रोगाला मात्र हवेशी काही देणेघेणे नाही. तो गाल्क या जनुकातल्या दोषामुळे होतो. दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर पिल्लू निरोगी राहूनही वाहक ठरते. दोघांकडून आला, तर काही महिन्यांतच त्याचे मागचे पाय लटपटू लागतात, आणि त्यावर इलाज नाही. दोन वाहकांच्या जोडीत प्रत्येक पिल्लू रोगी निघण्याची शक्यता 25 टक्के असते. नेमका हाच जनुकदोष केर्न टेरियरमध्येही सापडतो, कारण दोन्ही जातींचे पूर्वज सामाईक आहेत. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर याची चाचणी होते. वाहकाला प्रजननातून सरसकट बाद करणे मला पटत नाही. आधीच आक्रसलेला जनुकसाठा त्याने आणखी आक्रसतो. निर्दोष जोडीदार दिला की रोगी पिल्लू जन्मत नाही.

खाजेसाठी अशी एकच निर्णायक जनुकचाचणी नाही, कारण त्यात अनेक जनुकांचा हात असतो. वंशावळीच्या कागदावर पूर्वजांची नावे मिळतात, त्यांच्या कातडीची हकिगत मिळत नाही. म्हणून पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्या आईबापांना खाजेवर औषधे चालू आहेत का, हे विचारावे, आणि जमल्यास त्यांचे कान व पोटाकडची कातडी स्वतः पाहून घ्यावी.