शेमा

‘ऐक’ अशा अर्थाचे हिब्रू आज्ञार्थी क्रियापद. ‘शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद’ (हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच) हे बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथातले वचन (६:४) या शब्दाने सुरू होते. त्यावरून ते वचन आणि त्याला जोडलेली ज्यूंची प्रार्थना, दोन्हींना शेमा असेच म्हणतात.

शीन, मेम, आयिन या तीन अक्षरांच्या धातूत कानाने ऐकणे आणि सांगितलेले मानणे हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणताना आपण त्याच्या कानांबद्दल बोलत नसतोच. १ शमुवेल १५:२२ मध्ये ‘यज्ञापेक्षा ऐकणे बरे’ असे येते ते याच अर्थाने. शलमोन राजाने देवाकडे मागितले तेही, शब्दशः, ‘ऐकणारे हृदय’ (१ राजे ३:९). इश्माएल, म्हणजे ‘देव ऐकतो’, आणि शिमोन ही नावे याच धातूची.

तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांच्या, हस्तलिखित गुंडाळीत या वचनातली दोन अक्षरे मोठी काढतात: ‘शेमा’चे शेवटचे आयिन आणि ‘एखाद’चे शेवटचे दालेत. दोन्ही जोडली की ‘एद’, म्हणजे साक्षीदार, हा शब्द होतो. दालेत आणि रेश या अक्षरांत फरक फक्त उजवीकडच्या कोपऱ्याचा. तो कोपरा गोल झाला तर ‘एखाद’चे, म्हणजे ‘एक’चे, ‘दुसरा’ होते. लेखनिकाची लेखणी तिथे किती जपून फिरत असेल!

प्रार्थनेत अनुवाद ६:४–९, ११:१३–२१ आणि गणना १५:३७–४१ हे तीन उतारे सकाळ-संध्याकाळ म्हणतात. पहिले वचन म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकण्याची रीत आहे. दाराच्या चौकटीवर लावलेल्या मेझुझा या डबीत पहिले दोन उतारे चर्मपत्रावर लिहिलेले असतात. रोमन छळात रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवा ‘एखाद’ हा शब्द लांबवत लांबवत मरण पावले, असे तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो. मार्क १२:२९ मध्ये येशूही पहिली आज्ञा म्हणून हेच वचन सांगतो.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या इतिहासात तर या शब्दाला फार मोठे स्थान आहे. परंपरेनुसार नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, ग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा विसरली गेली. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि खाण्याचे नियम पाळत राहिले. पाठ उरली होती ती शेमाची पहिली ओळ. जन्म, लग्न, मर्तिक, प्रत्येक प्रसंगी तीच म्हटली जाई.