क्रियापदासाठी ताटकळवणारं वाक्य

बारावीच्या इंग्रजीत ‘नो सूनर… दॅन’ वापरून वाक्य बदला, हा प्रश्न हमखास भेटायचा. पुढे आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसलं की तेच दुखणं पुन्हा समोर येतं, कारण सात बँड, म्हणजे गुण, हवे असतील तर मिश्र वाक्यांच्या तऱ्हा दाखवाव्या लागतात. मग क्लासमधली मुलं सरळ वाक्यांना ‘व्हिच’ आणि ‘ऑल्दो’ची ठिगळं लावत बसतात. लांब, गुंतलेलं वाक्य म्हणजे वरच्या दर्जाचं इंग्रजी, ही समजूत मुळात इंग्रजांची नाही. ती त्यांनी लॅटिनकडून उसनी घेतली.

पोटवाक्यांवर पोटवाक्यं रचत जायचं, मुख्य क्रियापद शेवटपर्यंत हातचं राखायचं आणि ते आलं की अर्थ एकदम जुळायचा, ही रोमन वक्ता सिसेरोची हातोटी. अशा वाक्याला ग्रीक नाव होतं ‘पेरिओदोस’, म्हणजे फेरा. इंग्रजीत त्याचा ‘पीरियड’ झाला. आधी तो अख्ख्या वाक्याला म्हणत, मग वाक्याच्या शेवटच्या टिंबाला म्हणू लागले. अमेरिकेत पूर्णविरामाला आजही पीरियडच म्हणतात.

लॅटिनला हे सोपं जायचं, कारण तिथे विभक्तीचे प्रत्यय शब्दाचं नातं सांगतात. शब्द कुठेही ठेवा. इंग्रजीचे बहुतेक प्रत्यय झडून गेलेले, त्यामुळे कर्त्याला धरूनच क्रियापद यावं लागतं. तरीही लॅटिनवर पोसलेल्या कवी मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचं पहिलंच वाक्य सोळा ओळी चालवलं आणि मुख्य क्रियापद, ‘गा’, सहाव्या ओळीत आणलं. इंग्रज वाचकाला हे नवल. आपण मात्र त्याच क्रमाने म्हणून पाहावं: ‘मनुष्याच्या पहिल्या आज्ञाभंगाविषयी, त्या निषिद्ध झाडाच्या फळाविषयी… गा, हे स्वर्गीय वाग्देवते.’ नवल निम्म्याने उतरतं. क्रियापदाची वाट पाहणं मराठी कानाला रोजचंच आहे.

ते काव्य छापलं गेलं १६६७ साली. गंमत म्हणजे त्याच वर्षी टॉमस स्प्रॅटने रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचा इतिहास लिहिला आणि फुगवलेली भाषा टाकून जितक्या गोष्टी तितकेच शब्द वापरा, असं बजावलं. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

अठराव्या शतकात फेऱ्याच्या वाक्याला राजयोग आला. कोशकार डॉ. जॉन्सनची वाक्यं तराजूच्या पारड्यांसारखी तोललेली असत. इतिहासकार गिबनने तर आपली रीतच सांगून ठेवली आहे: लांबलचक परिच्छेद आधी एकाच साच्यात डोक्यात ओतायचा, कानाने पारखायचा, स्मरणात ठेवायचा आणि शेवटचा हात फिरवून झाल्यावरच लेखणी चालवायची. रोमच्या ऱ्हासाच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण त्याने तीनदा लिहिलं.

ही लॅटिन वळणाची इंग्रजी पुढे पुण्यात पोचली. विष्णुशास्त्री चिपळूणकर जॉन्सन आणि मेकॉले यांवर वाढलेले. वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेलं जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचं भाषांतर त्यांनी पुरं केलं, आणि १८७४ पासून ‘निबंधमाला’ या मासिकाच्या ८४ अंकांत तो डौल मराठीत आणला. त्याआधी मराठीचे इंग्रज कोशकार मेजर कँडी यांनी इंग्रजी विरामचिन्हं मराठीत रुळवली होती, हे विसरू नये. स्वल्पविराम आणि अर्धविराम नसते, तर इतकी लांब वाक्यं डोळ्यांनी वाचायची कशी?

विसाव्या शतकाने मात्र पारडं फिरवलं. अमेरिकन प्राध्यापक स्ट्रंकने १९१८ साली विद्यार्थ्यांना अनावश्यक शब्द गाळायला सांगितलं. कादंबरीकार हेमिंग्वे ज्या कॅन्सस सिटीच्या दैनिकात लिहायला शिकला, तिथला नियमच होता, वाक्य लहान ठेवा. ऑर्वेलचा राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरचा १९४६ चा निबंधही त्याच बाजूचा.

माझ्या मते शिकणाऱ्याच्या खऱ्या कामाची गोष्ट आली ती १९६३ साली. फ्रान्सिस ख्रिस्टेन्सन या अमेरिकन प्राध्यापकाने दाखवून दिलं की चांगले आधुनिक लेखक लांब लिहितात, पण फेरा घेऊन नाही. मुख्य वाक्य आधीच सांगून मोकळे होतात आणि तपशील मागून सोडत जातात. मराठीत सांगायचं तर: ‘तो दारात उभा होता, छत्री मिटलेली, चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.’ यात ‘नो सूनर’ नाही, ‘ऑल्दो’ नाही, एकही पोटवाक्य नाही.