तांब्याचा पाइप, कथील आणि नवसागर

गच्चीवरच्या सोलर हीटरचा तांब्याचा पाइप सांध्यात ठिबकू लागला की कुणीतरी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात जाऊन सोल्डरचं, म्हणजे वितळवून सांधे जोडायच्या धातूच्या तारेचं, रीळ घेऊन येतं. ते रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं, ६० टक्के कथील नि ४० टक्के शिशाचं असेल, तर परत करा. शिशामुळे ते १९० अंशांच्या आतच वितळतं, काम झटपट होतं. पण तेच शिसं पाण्यात उतरतं, गरम पाण्यात जास्तच. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. अमेरिकेने नळाच्या पाइपांसाठी असल्या सोल्डरवर १९८६ मध्येच बंदी घातली.

मग काय घ्यायचं? ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं असलेलं सोल्डर. ते २२७ अंशांना वितळतं आणि घरच्या पाण्याला पुरतं. चांदी मिसळलेलंही चांगलंच, पण खिशाला चटका.

माझ्या मते खरा घोळ फ्लक्समध्ये, म्हणजे सोल्डर धरावं म्हणून तांबं साफ करणाऱ्या लेपात, होतो. तांबं तापलं की त्यावर ऑक्साइडचा काळपट थर चढतो आणि त्यावर सोल्डर पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. सर्किटसाठीचं राळेचं फ्लक्स इथे फार सौम्य पडतं. पाइपाच्या पेस्टमध्ये झिंक क्लोराइड असतं, बऱ्याचदा अमोनियम क्लोराइडही. म्हणजे आपला नवसागर! कल्हईवाला तापल्या पातेल्यात तो टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो. उष्णतेने सुटलेलं आम्ल ऑक्साइड खातं आणि कथील चकचकीत पसरतं. सांध्यातही हेच घडतं.

पण हे आम्ल काम संपल्यावर आपणहून थांबत नाही. उरलेली पेस्ट ओल धरते, तांबं हिरवं पडतं, पुढे बारीक भोकंही पडतात. म्हणून पेस्ट पातळच लावायची, सांधा निवल्यावर ओल्या फडक्याने पुसायचा आणि आतून भरपूर पाणी सोडायचं.

ज्योत सोल्डरवर धरू नका. फिटिंग तापवा आणि तार सांध्याच्या कडेला टेकवा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या फटीत वितळलेलं सोल्डर केशाकर्षणाने आपोआप ओढलं जातं, अगदी वरच्या दिशेनेही, आणि कडेभोवती चमकदार कडं दिसतं. एवढं करूनही सोल्डर धरत नसेल तर व्हॉल्व्ह तपासा. पाइपात पाणी झिरपत असेल, तर ते उकळून संपेपर्यंत तांबं १०० अंशांच्या फारसं वर जातच नाही.