परसातल्या कोंबड्यांसाठी सरकारी गट: २५+३ तलंगांचा अर्ज कसा करावा

पशुसंवर्धन विभागाच्या योजनांत कुक्कुटपालनाचे तीन पर्याय दिसतात आणि बहुतेकांची पहिली गल्लत तिथेच होते. १००० मांसल पक्ष्यांची योजना हा शेड बांधून करायचा धंदा आहे. घरच्या अंड्या-कोंबड्यांसाठी उरतात दोन: एक दिवसाची १०० पिल्ले, किंवा २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि ३ नर. या दोन्हींत ५० टक्के अनुदान असते, पण ते रोखीने हातात पडत नाही. पक्षी आणि खाद्याच्या रूपात येते. रात्रीचा निवारा, भांडी, औषधे असा उरलेला खर्च आपण करायचा.

पहिल्यांदाच कोंबड्या पाळणार असाल तर तलंगाच मागा, हे मी आग्रहाने सांगते. पिल्लांची संख्या मोठी दिसते म्हणून मन तिकडे ओढते. पण एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते. रात्री वीज गेली की पिल्ले एकमेकांवर चढतात आणि सकाळी खालची गुदमरून मेलेली असतात. तलंग आठ-दहा आठवड्यांची असते. तिला कृत्रिम ऊब लागत नाही, ती परसात चरते आणि साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते.

अर्जदाराचे वय किमान १८ हवे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, १ हेक्टरपर्यंतचे अत्यल्प भूधारक, २ हेक्टरपर्यंतचे अल्पभूधारक, रोजगार केंद्रात नाव नोंदवलेले सुशिक्षित बेरोजगार आणि महिला बचत गटातील सदस्य यांना प्राधान्य असते. महिलांसाठी ३० टक्के राखीव जागा आहेत.

अर्ज ‘एएच-महाबीएमएस’ या संकेतस्थळावर किंवा त्याच नावाच्या मोबाइल अॅपवर, मुदत जाहीर झाल्यावर भरायचा. आधार क्रमांक आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक लागतो. दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक देऊ नका. निवड झाल्याचा संदेश त्याच क्रमांकावर येतो, आणि तो वेळेत कळला नाही तर कागद चढवायची मुदत निघून जाते.

कागदपत्रे निवडीनंतर अपलोड करायची असली तरी गोळा आधीच करून ठेवा: आधार, सातबारा आणि आठ-अ, रेशन कार्ड, बँक पासबुक, रहिवासी आणि वयाचा पुरावा, अपत्यांबाबतचे स्वयंघोषणापत्र. लागू असेल तर जातीचा, दारिद्र्यरेषेचा, दिव्यांगत्वाचा किंवा बचत गटाचा दाखला.

सर्वांत जास्त बायका अडतात त्या सातबाऱ्यावर. जमीन सासऱ्यांच्या किंवा दिरांच्या नावावर आणि कोंबड्या सांभाळणारी सून! सातबाऱ्यावर नाव नसले म्हणून मागे हटू नका. कुटुंबाचे संमतीपत्र जोडता येते, जागा भाड्याची असेल तर भाडेकरार चालतो. संमतीपत्रावर सह्या आजच घेऊन ठेवा. ऐन वेळी कोणी परगावी असते, कोणी रुसलेले असते.

आधी प्राथमिक निवड होते, मग कागदांची पडताळणी आणि शेवटी अंतिम निवड. त्या वर्षी नंबर लागला नाही तरी नाव प्रतीक्षायादीत राहते. २०२१-२२ पासूनची यादी पाच वर्षे, म्हणजे २०२५-२६ पर्यंत, चालू ठेवली गेली होती. म्हणून नवा अर्ज भरण्याआधी यादीत आपले जुने नाव आहे का ते पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा.

गट घरी येण्याआधी खुराडे तयार हवे. जमिनीपासून उंच, हवा खेळती, आणि जाळी अशी बारीक की मुंगूस आत शिरणार नाही. पक्षी ताब्यात घेतानाच कोणत्या लसी झाल्या ते लिहून घ्या. मानमोडी (राणीखेत) आणि देवीची लस राहिली असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्या. मानमोडी शिरली की अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पक्षी चार-सहा दिवसांत जाऊ शकतात.