लिनक्स बोर्डवर पुरवठ्याचे व्होल्टेज वाचणे

एम्बेडेड लिनक्स बोर्डाला मिळणारे व्होल्टेज त्याच बोर्डावर चालणाऱ्या सी प्रोग्रॅममधून मोजण्याची पद्धत. बॅटरी उतरू लागली की फायली वेळेत बंद करणे, कमकुवत अडॅप्टर ओळखणे, अशा कामांसाठी ती लागते. मायक्रोकंट्रोलरवर प्रोग्रॅमर थेट एडीसीच्या (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या परिपथाच्या) रजिस्टरला हात घालतो. लिनक्समध्ये ते काम कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ड्रायव्हर करतो आणि आकडा सिसएफएसमधल्या, म्हणजे कर्नलची माहिती फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रणालीतल्या, फायलीत मजकूर म्हणून मांडतो. प्रोग्रॅमने फाइल उघडायची, वाचायची आणि सीच्या ‘स्ट्रटॉल’ फंक्शनने मजकुराचा पूर्णांक करायचा.

घोळ होतो तो एककांत. असे आकडे देणाऱ्या कर्नलच्या यंत्रणांपैकी ‘एचडब्ल्यूमॉन’ (हार्डवेअरवर लक्ष ठेवणारी) मिलिव्होल्ट देते, ‘पॉवर सप्लाय’ (बॅटरी आणि चार्जरसाठीची) मायक्रोव्होल्ट, तर ‘आयआयओ’ (एडीसीसारख्या सेन्सरांसाठीची) कच्चा आकडा आणि वेगळ्या फायलीत त्याचा गुणक. शिवाय एचडब्ल्यूमॉन उपकरणाचा क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतो. तो कोडमध्ये पक्का न लिहिता प्रत्येकाची ‘नेम’ फाइल पाहून योग्य चिप शोधावी. एकदा उघडलेली फाइल तशीच पुन्हा वाचली तर शून्य बाइट हाती येतात, म्हणून ‘एलसीक’ फंक्शनने फायलीच्या सुरुवातीला यावे किंवा सरळ ठरावीक जागेपासून वाचणारे ‘पीरीड’ वापरावे.

बीगलबोन ब्लॅक या बोर्डाचा एडीसी १२ बिटांचा आहे आणि त्याची कमाल मर्यादा १.८ व्होल्ट. ५ व्होल्ट थेट जोडले तर प्रोसेसरच जायचा. म्हणून ३० आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरांचा डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारी जोडणी) लावतात: पिनवर १.२५ व्होल्ट येतात आणि कच्चा आकडा सुमारे २८४४ मिळतो. त्याला १८०० ने गुणून ४०९५ ने भागायचे आणि उत्तराची चौपट करायची, की मिलिव्होल्ट मिळतात. आधी भागाकार केला तर सीमधल्या पूर्णांक गणितात उत्तर जवळपास नेहमी शून्य येते! रेझिस्टर ५ टक्के टॉलरन्सचे (मूल्य तेवढे वरखाली असू शकणारे) असतील तर चूक वाईटात वाईट ७-८ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे ५ व्होल्टवर जवळजवळ ०.४ व्होल्ट. तिथे कोड कितीही घासूनपुसून लिहिला तरी उपयोग नाही. १ टक्क्याचे रेझिस्टर घ्यावेत.

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर पुरवठा मोजणारा एडीसीच नाही. ‘मेझर व्होल्ट्स’ आज्ञेने दिसणारा आकडा प्रोसेसरच्या कोअरचा असतो. तो पुरवठ्याचा समजणारे बरेच आढळतात. पाय ४ वर पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की फक्त इशारा मिळतो, आणि एचडब्ल्यूमॉनमध्ये तो ० किंवा १ असा दिसतो. प्रत्यक्ष आकडा हवा असेल तर आयएनए२१९ सारखी व्होल्टेज मोजणारी चिप आयटूसी या दोन तारांच्या बसवर जोडतात. पाय ५ च्या पॉवर चिपमध्ये मात्र एडीसी आहे.

तरीही हा साधा इशारा कमी लेखू नये. मोटर सुरू होताना काही मिलिसेकंदांसाठी व्होल्टेज खाली जाते, आणि सेकंदाला एकदा फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातून ती घसरण सहज निसटते. इशाऱ्यामागचा, सतत पहारा देणारा हार्डवेअर कम्पॅरेटर (व्होल्टेजची ठरावीक पातळीशी तुलना करणारा परिपथ) ती पकडतो.