खोक्यावर ५.१ दोन्हींच्या: होम थिएटरचा संच आणि एव्ही रिसीव्हर

गेल्या दिवाळीत आमच्या दाजींनी सोलापूरच्या नवी पेठेतून होम थिएटर आणलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५.१, खाली 'सराउंड', आणि ज्वाळा ओकणाऱ्या स्पीकरचं चित्र. संध्याकाळी फोन आला, "ये बघायला. भागवत टॉकीज घरात आणलंय." गेलो. पाच छोटे स्पीकर, एक लाकडी डबा, आणि मोबाईलवरून ब्लूटूथने चाललेलं गाणं. दणका चांगला होता, त्यात खोटं काही नाही. मग टीव्हीवर गाड्यांच्या पाठलागाचा एक प्रसंग लावला.

"दाजी, मागून काय ऐकू येतंय?"

"येतंय की बे, गाडी येतीय."

"गाडी पुढून पण येतीय. तीच, तेव्हाच."

दाजी दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "मग दुकानदार ज्याला रिसीव्हर म्हणत होता, ते वेगळं असतंय काय? त्याच्यावर पण ५.१च लिहिलं होतं, आणि किंमत पाचपट."

घोळ इथेच होतो. दोन्ही खोक्यांवरचा ५.१ हा आकडा एकच असला तरी तो एकाच गोष्टीबद्दल बोलत नाही. संचावरच्या ५.१चा अर्थ एवढाच की आत पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, आहे. रिसीव्हर म्हणजे आवाज उलगडून स्पीकरना देणारा डबा; त्याच्यावरच्या ५.१चा अर्थ असा की पाच दिशांचे पाच वेगळे आवाज आणि सहावा फक्त खर्जाचा, असे सहा स्वतंत्र प्रवाह हे यंत्र उलगडू शकतं. त्या सहाव्याला खर्जापुरतंच, म्हणजे साधारण १२० हर्ट्झपर्यंतच काम असतं, म्हणून तो 'पॉइंट वन'.

आणखी एक घोळ आपल्याकडचा खास. सोलापुरात 'डॉल्बी' म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे मिरवणुकीतली ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंतच उभी राहते. त्या डॉल्बीचा या डॉल्बीशी नावापलीकडे संबंध नाही. चित्रपटाचा सहा भागांतला आवाज दाबून, कमी जागेत बसवण्याची डॉल्बी डिजिटल ही पद्धत थिएटरांत १९९२ मध्ये आली, पुढच्या वर्षी तिची स्पर्धक डीटीएस आली, आणि डोक्यावरूनही आवाज आणणारं ॲटमॉस २०१२ मध्ये. हे सगळं म्हणजे बांधलेलं गाठोडं. ते सोडणारा कुणीतरी लागतो, त्याला डीकोडर म्हणतात. 'दुकानात काय विचारू?' असं कुणी मला विचारलं, तर माझा एकच प्रश्न असतो: डीकोडर कुठे आहे आणि गाठोडं त्याच्यापर्यंत कुठल्या वायरने पोचणार आहे?

दाजींच्या संचात डीकोडर नव्हता. ब्लूटूथने मोबाईलवरून येतो तो डावा-उजवा, दोनच बाजूंचा आवाज. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातूनही तेवढाच. संचातलं सर्किट या दोनांचेच पाच करतं: डावा पुढे तोच डावा मागे, उजव्याचं तसंच, दोन्ही मिसळून मधला, आणि खर्ज गाळून सबवूफरला. काही संचांत मागच्या स्पीकरला दोन्ही बाजूंतला फरक देतात, त्याने जरा पसरट वाटतं. पण गाडी खरंच मागून यायची असेल, तर ती मागून येतेय हे मुळात कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं, आणि ते लिहिलेलं या वायरीतून येतच नाही.

जुन्या संचांच्या मागे सहा रंगीत आरसीए भोकं असायची, काहींना अजूनही असतात. त्या काळी डीव्हीडी प्लेअर गाठोडं स्वतः सोडायचा आणि सहा वायरींनी संचाला द्यायचा, तेव्हा तो संच खऱ्या अर्थाने ५.१ वाजायचा. आजच्या टीव्हीला तशी सहा भोकं नसतात. हल्ली काही स्वस्त संचांवर ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीतून डिजिटल आवाज आणायच्या जोडण्या) लिहिलेलं दिसतं. ते बघून हुरळायचं नाही. त्यातले बरेच ती वायर घेतात, पण तिच्यातून फक्त साधा दोन बाजूंचा पीसीएम, म्हणजे गाठोडं न बांधलेला, आवाजच समजून घेतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम निवडलं नाही तर आवाज बंद, नाहीतर नुसती खरखर. खोक्यावर 'डॉल्बी डिजिटल डीकोडर' असं स्पष्ट असेल तर गोष्ट वेगळी. नामांकित कंपन्यांचे डीकोडरसकट संच आणि मागच्या स्पीकरसकट साउंडबारही मिळतात, ते या भांडणात रिसीव्हरच्या बाजूचे.

वॉटचं तर बोलायलाच नको. संचावर हजारांत आकडे असतात, पीएमपीओ नावाचे. तो क्षणभराच्या स्फोटाचा कागदी आकडा, त्याला कसलाही ठराविक नियम नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, बघा. तेही पटत नसेल तर संच उलटा करा आणि मागच्या पट्टीवर यंत्र किती वीज ओढतं ते वाचा. सॉकेटमधून ६० वॉट घेणारं यंत्र सतत ५०० वॉट देणार नाही, कारण ती वीज येणार कुठून? पण रिसीव्हरवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. '१५० वॉट' असं ठळक छापलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरांत: एक चॅनल, ६ ओम (स्पीकर विजेला करतो तो अडथळा), १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती (आवाजाची मोडतोड). खरा आकडा शोधायचा तो दोन चॅनल चालू, ८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती ०.१ टक्क्याच्या आत. तो बहुतेक वेळा ७०-८०च्या घरात निघतो. हॉल १० बाय १४चा असेल तर तेवढ्यात भिंती हलतात. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कळतो, पण थोडाच. ८० ऐवजी १०० वॉटसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा ते मधल्या स्पीकरवर घाला.

दाजींनी संच बाजूला ठेवला आणि रिसीव्हर घेतलाच. त्यामागे एक कारण होतं, ते पुढे येईल. पण स्पीकर वेगळे घ्यावे लागणार, हे त्यांना घरी आल्यावर कळलं. रिसीव्हर म्हणजे नुसता डीकोडर आणि ॲम्प्लिफायरचा जड डबा. त्याला पाच स्पीकर आणि स्वतःची वीज घेणारा सबवूफर जोडावा लागतो. जुन्या संचाचे स्पीकर जोडायचा मोह होतोच. ते कितीदा तरी ३ किंवा ४ ओमचे असतात, आणि साध्या रिसीव्हरच्या मागे '६ ओम ते १६ ओम' असं लिहिलेलं असतं. बळजबरीने जोडले की मोठ्या आवाजाला रिसीव्हर तापून स्वतःच बंद पडतो. जुना सबवूफर मात्र वापरता आला. त्याच्या मागे सहा भोकं होती, त्यातल्या 'एसडब्ल्यू' लिहिलेल्या भोकात रिसीव्हरची सबवूफरची वायर लावली, बाकीचे स्पीकर काढून ठेवले. सहा महिने तसंच चाललं.

जोडणीत सगळ्यात जास्त जण चुकतात ते एका एचडीएमआयवर. टीव्हीच्या मागे चार भोकं असली तरी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं एकच असतं. तिथली वायर रिसीव्हरच्या 'आउट' भोकात जाते, 'इन'मध्ये नाही. मेंदूला हे उलटं वाटतं, कारण आवाज तर टीव्हीतून रिसीव्हरमध्ये 'इन' येतोय. पण एआरसी म्हणजे परतीचा रस्ता: चित्र रिसीव्हरकडून टीव्हीला जातं त्याच वायरीतून आवाज उलटा येतो. ही सोय २००९च्या एचडीएमआय १.४ पासून आहे. तिच्यातून डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस आणि त्यातलं ॲटमॉस येतं. ब्लू-रेचा काहीही न गमावलेला (लॉसलेस) आवाज टीव्हीतून आणायचा असेल तरच एचडीएमआय २.१ सोबत आलेलं ईएआरसी लागतं, तेही टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींत. ओटीटीवर बघणाऱ्याने ईएआरसीसाठी झोप घालवू नये. मग टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करायचं. एवढं करून रिसीव्हरच्या तोंडावरची पाटी वाचा. तिथे डॉल्बी डिजिटल दिसलं तर गाठोडं पोचलं. पीसीएम दिसलं तर टीव्हीनेच ते मध्ये फोडून दोन बाजूंचं केलंय, आणि तुमचा महागडा रिसीव्हर दाजींच्या जुन्या संचाचंच काम करतोय. माझ्या ओळखीच्या एकाने वर्षभर पीसीएमवर सिनेमे बघितले आणि 'सराउंड फार काही नसतं' असं मत बनवलं.

स्पीकरची जागा: पुढचे दोन बसण्याच्या जागेपासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांवर, मागचे दोन कानाच्या किंचित मागे, ११० अंशांच्या आसपास. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसल्यावर कानाच्या थोडं वर लावायचे. मागच्या कोपऱ्यात छताला टांगायचे नाहीत, तिथे ते फक्त कोळ्यांच्या उपयोगी. वायर १६ गेजची, तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर तांब्याच्या नावाखाली सर्रास विकतात. तिचं टोक खरवडलं की चांदीसारखं चमकतं. लाल-काळ्याची अदलाबदल एका स्पीकरवर झाली तरी खर्ज पोकळ होतो आणि माणसाला वाटतं सबवूफरच खराब आहे.

मग माईक. रिसीव्हरसोबत छोटा माईक येतो, त्याने यंत्र खोलीतले स्पीकर मोजतं; यामाहाच्या रिसीव्हरमध्ये या पद्धतीचं नाव वायपीएओ, डेनॉनमध्ये ऑडिसी. तो बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ट्रायपॉडवर ठेवायचा. हातात धरायचा नाही, सोफ्याच्या पाठीवर टेकवायचा नाही. एकेक स्पीकर चिवचिव करतो आणि यंत्र अंतर व पातळी मोजतं. आवाज एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो, म्हणून जवळच्या स्पीकरला यंत्र तेवढं थांबवून ठेवतं. सगळे एकदम कानाशी पोचले तरच दिशा कळते. जुन्या संचात हे नसतंच. मोजणीच्या वेळी पंखा आणि कूलर बंद लागतो. आम्ही हे एप्रिलच्या दुपारी केलं, बाहेर ४२, आणि नेमका भंगारवाला दारात. तिसऱ्या वेळेला जमलं. सबवूफरचं अंतर यंत्राने प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं. ते चुकीचं नाही, सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो. नंतर एकदा स्वतः बघायचं: सगळे स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झ. स्पीकर तीन इंची असतील तर १२० किंवा १५०. 'लार्ज' हा शब्द मानाचा नाही. त्याने खर्ज सबवूफरऐवजी बिचाऱ्या छोट्या स्पीकरवर पडतो.

फरशी, गुळगुळीत भिंती, स्लॅब. आपल्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती दोनदा ऐकू येते. त्यावर सोलापूरकराकडे घरचाच इलाज आहे. एक जाड चादर फरशीवर सोफ्याच्या पुढे, एक मागच्या भिंतीवर जरा घड्या पाडून. तीक्ष्ण आवाजांची चमक कमी होते, संवाद सुटे होतात. पण चादर कितीही जाड असली तरी खर्जाला अडवत नाही. तो घुमत असेल तर सबवूफरच हलवावा लागतो: त्याला उचलून सोफ्यावर ठेवा, एक खर्जाचं गाणं लावा, आणि स्वतः फरशीवर रांगत फिरा. जिथे ठोका स्वच्छ लागेल तिथे सबवूफरची जागा. घरात पाहुणे नसताना करा.

आणि उन्हाळा. रिसीव्हर शोकेसच्या काचेआड कोंडू नका. वर निदान एक वीत मोकळी जागा हवी. खोलीच ३५ अंशांना असते तेव्हा हा डबा आपली उष्णता टाकणार कुठे? त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवणं हा तर घरोघरीचा रिवाज. शिवाय केबल टीव्हीची जाड वायर जोडली की सबवूफर गुणगुणायला लागला, तर सबवूफरला शिव्या देण्याआधी ती वायर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे यंत्रांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्याचा.

आता दाजींचं कारण. त्यांचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, तीस वर्षं पूर्व भागात यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटात कान गेले की आधी जातो तो ४ किलोहर्ट्झच्या आसपासचा टापू. बोलण्यातले स, क, त, फ साधारण तिकडच्याच बाजूला असतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. जुन्या संचावर त्यांच्यासाठी आवाज वाढवला की बंदुका आणि ढोलही तितकेच वाढायचे, आणि ताई स्वयंपाकघरातून ओरडायची. रिसीव्हरमध्ये मधल्या स्पीकरची पातळी एकट्याची वाढवता येते, आणि संवाद बहुतेक तिथूनच येतात. आम्ही ती ३ डेसिबल वर केली. मालिका दोनच बाजूंच्या आवाजात येतात, तरी रिसीव्हरमधली डॉल्बी सराउंड नावाची सोय दोन्ही बाजूंना सारखं असलेलं बोलणं ओढून मधल्या स्पीकरला देते. तेलुगू सिनेमाही आप्पा आता तसाच बघतात, सबटायटल न वाचता.

जुना संच गच्चीवरच्या खोलीत गेलाय. गणपतीत, हळदीत तो खाली येतो. तिथे कुणी एका जागी बसून ऐकत नाही, सगळीकडे तेच गाणं सारखं वाजायला हवं असतं. रिसीव्हरमध्येही त्यासाठी 'ऑल चॅनल स्टीरिओ' नावाची सोय आहे. दाजींनी ते बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा हसत म्हणाले, "म्हणजे आपला जुना संच यात फुकट आलाय की!"