गोरिलाचं परमिट आणि आंबोलीची ट्रेल

जून उजाडला की ठाण्यातल्या निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आंबोलीची पोस्टरं फिरू लागतात. शुक्रवारी रात्री तीन हात नाक्यावरून बस, शनिवारी रात्री बेडूक-सापांची नाईट ट्रेल, सोमवारी पहाटे पुन्हा नाक्यावर. पोस्टरच्या तळाशी हल्ली 'जबाबदार पर्यटन' हे शब्द हमखास असतात. ते आपल्याकडे आयते आले. त्यामागचा हिशेब मांडला गेला तो पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी, आफ्रिकेतल्या रवांडात, विरुंगा पर्वतरांगेच्या ढगांत बुडालेल्या डोंगरी जंगलात.

त्या जंगलाचा मोठा लचका एका फुलाने तोडला होता. पायरेथ्रम हे शेवंतीच्या गोतातलं पांढरं फूल, त्यापासून डास मारायची औषधं बनतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या लागवडीसाठी राष्ट्रीय उद्यानातली सुमारे १०,००० हेक्टर जमीन काढून घेतली गेली. पुढे आणखी ५,००० हेक्टरांवर गुरं पाळायची टूम निघाली. विरुंगातले गोरिला तोवर अडीचशेच्या आसपास उरले होते. बिल वेबर आणि एमी वेडर हे अमेरिकी संशोधक जोडपं तेव्हा तिथेच काम करत होतं. गुरांपेक्षा गोरिला दाखवून जास्त कमाई होईल, हा त्यांचा युक्तिवाद अखेर टिकला आणि १९७९ मध्ये 'माउंटन गोरिला प्रोजेक्ट' सुरू झाला.

तिथेच गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या डायन फॉसी यांचा पर्यटनाला कडवा विरोध होता, आणि धोका खराच होता. माणसाची सर्दी गोरिलाला लागते, त्यात तो दगावूही शकतो. म्हणून नियम आले: गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला आठच पाहुणे, एकच तास, सात मीटरांचं अंतर (कोविडनंतर दहा). खोकला झाला असेल तर हॉटेलातच बसायचं. १९९४च्या नरसंहाराने सगळं ठप्प झालं, १९९९ मध्ये पुन्हा सुरू झालं. २०१७ पासून रवांडात त्या एका तासाच्या परमिटचे १,५०० डॉलर मोजावे लागतात. आपल्याकडच्या चर्चेत हा आकडा डोळे विस्फारून सांगितला जातो. मला मात्र दुसराच आकडा मोठा वाटतो: उद्यानाच्या पर्यटन उत्पन्नातला गावांचा वाटा. २००५ मध्ये तो ५ टक्के होता, २०१७ मध्ये १० टक्के झाला. २०१८ पर्यंत विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडी मिळून डोंगरी गोरिला हजारापलीकडे गेले. पण पाहुण्यांवर विसंबून राहण्याचा तोटाही दिसला. २०२० मध्ये विमानं थांबली, पर्यटन बंद पडलं, आणि जूनच्या पहिल्याच दिवशी ब्विंडीत राफिकी हा प्रसिद्ध नर गोरिला शिकाऱ्यांच्या हातून मारला गेला.

अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाशेजारच्या न्यिशी आदिवासींच्या गावांत २०११च्या सुमाराला निराळी वाट निघाली, धनेश पक्ष्याच्या घरट्याची ढोली दत्तक देण्याची. शहरातला माणूस पैसे देतो, गावातला माणूस ढोलीची राखण करतो. पाहुण्याने तिथे जायलाही नको. खरं सांगायचं तर मला हीच सोय जास्त आवडते.

आंबोलीचं गणित अवघड आहे. गोरिला उद्यानात असतो, फाटकावर तिकीट फाडता येतं. आंबोली टोड हा बेडकाच्या गोतातला जीव राहतो उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला हा चिमुकला प्राणी आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पावसाला तोंड फुटलं की तो कातळातल्या खळग्यांत अंडी घालतो. खळगा एवढा उथळ, की बोट बुडवलं तर तळ लागतो. बॅटरीच्या उजेडात तो इतर डबक्यांसारखाच दिसतो आणि बूट नेमका तिथेच पडतो. मलबारी चापड्याची वेगळीच परवड. कधी हिरवा, कधी तपकिरी, शांत, फांदीवर तासन्‌तास तस्सा पडून राहणारा साप. म्हणजे फोटोसाठी काठीने 'जरा बऱ्या' फांदीवर हलवायला सोयीचा. आंबोलीतल्याच हिरण्यकेशीच्या कुंडातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा २०२० मध्ये जगाला कळला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. सड्याला मात्र कसलं फाटक?

यंदा पोस्टरवरच्या एका नंबरवर फोन केला. आठच माणसं न्याल का, विचारलं.

"काका, बस भरायला पस्तीस लागतात."

"आणि फीमधलं गावाला किती जातं?"

पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला. "जेवण गावातल्याच घरी असतं की."